कालव्यावर न उचललेला हात

परत आल्यावर आमच्या नाशिकच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर मी एवढंच टाकलं होतं : "रेस मधेच सोडली. पोट बिघडलं होतं. बाकी सुरत छान. पोंक खाल्ला." त्यावर बरेच अंगठे आले. कुणीतरी लिहिलं, सुरतेचं खाणं सोसलं नाही वाटतं. सुरतेच्या खाण्याची उगाच बदनामी झाली. माझं पोट ठणठणीत होतं, आणि म्हणून आता हे लांबलचक लिहायला बसलो आहे. ज्यांना पुढच्या हिवाळ्यात तिकडे जायचंय त्यांना रस्त्यांचा आणि खाण्याचा उपयोग होईल. उरलेलं माझ्या उपयोगाचं आहे.

मी फारसा बोलणारा माणूस नाही. माझं चष्म्याचं दुकान आहे. "हे बरं दिसतं की ते बरं?" एवढं एक वाक्य मी दिवसभर बोलतो आणि उरलेलं समोरचा बोलतो. सायकलही मला त्यासाठीच आवडली असावी. दम लागलेला असला की कुणी बोलण्याची अपेक्षा करत नाही.

उधना, गुरुवार

सायकलच्या शर्यतीत 'मास्टर्स' म्हटलं की लोकांना उस्ताद मंडळी वाटतात. तसं काही नाही. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांचा तो गट. त्यात पोटं असतात, गुडघ्याचे पट्टे असतात आणि जिंकायची हौस मात्र पोरांपेक्षा जास्त असते, कारण आता किती हिवाळे उरलेत ते दिसू लागलेलं असतं. बारडोलीच्या बाजूला उसातल्या रस्त्यांवर दर जानेवारीत अशी एक शर्यत होते, आणि मी दर वर्षी तिला जातो. उतरतो हिरामणकडे.

हिरामण पाटील मूळचा अमळनेरकडचा, माझ्याच वयाचा. तरुणपणी सुरतेला आला तो इथलाच झाला. बाजारातून साड्या आणायच्या, त्यांना लेस लावून घ्यायची, घड्या घालून परत पोचवायच्या, हा त्याचा व्यवसाय. उधन्याला खाली काम आणि वर घर. काही वर्षांपूर्वी याच शर्यतीत माझं चाक पंक्चर झालं, तेव्हा हा अनोळखी माणूस स्वतः थांबला, त्याची ट्यूब मला दिली आणि म्हणाला, "नाशिककर ना? चाल, मग आपण शेवटचे दोघं." तेव्हापासूनची ओळख. त्याचं नाव हिरामण असल्यामुळे नवी गुजराती माणसं त्याला हिऱ्यांचा भाव विचारतात. तोही सांगतो.

बसमधून उतरलो तेव्हा तो मोपेड घेऊन उभा होता. सुरतेत स्कूटरला मोपेड म्हणतात. मोपेडच्या पुढे तारेची एक उंच कमान लावलेली.

"ही काय अँटेना?"

"मांजा रे भो. संक्रांत गेली तरी झाडावरचा मांजा जात नाही. गळा कापतो." त्यानं माझ्या सायकलची सोडलेली चाकं उचलली. "हे गळ्यात घाल."

"काय?"

"चाकं. दोन्ही. आणि फ्रेम मांडीवर धर. मागच्या वर्षी टेंपो केला, त्यानं चाकाचा आठ करून दिला."

अशा थाटात, गळ्यात दोन चाकं घालून, मी उधन्यातून गेलो. लोकांनी बघितलं, पण हसलं कुणी नाही. या शहरात मोपेडवरून साड्यांचे एवढे मोठे गठ्ठे जातात की गळ्यातली चाकं म्हणजे काहीच नाही.

वर निर्मलावहिनींनी बघितल्या बघितल्या निकाल दिला, "भाऊ, वाळी गयात हो तुम्ही." वाळलात, म्हणजे. त्या घरात अहिराणीच बोलतात. त्यांची मुलगी कोमल कॉलेजात आहे. ती आईशी अहिराणी, मैत्रिणीशी फोनवर गुजराती, खाली लेस लावणाऱ्या बायकांशी हिंदी आणि माझ्याशी पुस्तकातली मराठी बोलते, आणि या चार खोल्यांतून ती दार न उघडता फिरते. जेवायला कळण्याची भाकरी आणि भरीत होतं. हिरव्या वांग्यांचं, कांद्याच्या पातीचं. वांगी खानदेशातून बसनं येतात; इथल्या वांग्यावर वहिनींचा विश्वास नाही. आमच्याकडे पाहुण्याला दोनदा विचारतात आणि तिसऱ्यांदा ताट उचलतात. वहिनी विचारतच नाहीत. "अजून घ्या" म्हणता म्हणता भाकरी पडलेली असते.

"यांना सांगा हो भाऊ," त्या म्हणाल्या, "ट्रकांच्या रस्त्याला सायकल चालवायचं हे वय शे का?"

"मी पण तेच करतो, वहिनी."

"तुम्ही डोळ्यांचं काम करता. तुम्हाला समजतं."

हिरामण भाकरी मोडत म्हणाला, "दिवसभर दुसऱ्यांच्या साड्या हाताळतो. सकाळचा तेवढा वेळ माझा आहे. तो पण मागते ही." म्हणाला हसत, पण वहिनींकडे बघितलं नाही.

कालव्यावर, शुक्रवार

नाशिकच्या सायकलवाल्याला सुरतेत सगळ्यात आधी चुकल्यासारखं होतं ते चढावाचून. चढ नाहीच. फ्लायओव्हर हाच इथला घाट. आमच्याकडे त्र्यंबकच्या रस्त्याला लागलं की ज्याचा त्याचा दम ज्याला त्याला कळतो, कुणी कुणाच्या आड लपू शकत नाही. सपाटीवर तसं नसतं. तिथे वारा कापावा लागतो, आणि वारा कापतो तो पुढचा. मागच्यानं पुढच्याच्या चाकाला चिकटून राहायचं, म्हणजे त्याला निम्म्या कष्टात तोच वेग मिळतो. थोड्या वेळानं अदलाबदल.

यात एक गोष्ट आहे ती सायकल न चालवणाऱ्यांना सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. इतकं चिकटून चालवताना मागच्याला रस्ता दिसत नाही. त्याला पुढच्याची पाठ दिसते. म्हणून खड्डा, दगड, वाळू, जे काही येईल ते पुढच्यानं हात खाली करून दाखवायचं. डावीकडे असेल तर डावा हात, उजवीकडे असेल तर उजवा. हे कुठे लिहिलेलं नाही, पण शिकताना पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात. मीही कित्येकांना शिकवलं आहे.

शर्यतीचा रस्ता बघून यावा म्हणून आम्ही दोघं उजाडताना निघालो. पलसाण्याकडच्या रंगाच्या कारखान्यांचा ओला, आंबूस वास मागे पडला आणि बारडोलीच्या बाजूचा गोड करपट वास सुरू झाला. साखर कारखाना चालू होता. दोन्ही बाजूंना ऊस, मधे कालवा आणि कालव्याकाठी अरुंद, गुळगुळीत रस्ता. उसाचे ट्रॅक्टर दोन दोन ट्रॉल्या ओढत चाललेले. ट्रॉली हलली की वरचा एखादा ऊस घसरून रस्त्यावर पडतो. जानेवारीत त्या रस्त्यांवर जागोजागी असे ऊस पडलेले असतात. गोल, सालीनं चकचकीत. पातळ टायर त्यावर चढलं तर संपलं.

हिरामण बराच वेळ पुढे होता. उसाच्या प्रत्येक तुकड्याला त्याचा हात खाली जात होता. चाकासमोरचा असो की कडेचा, कोवळं वाढं असलं तरी. वर मागे वळून थट्टाही चालू होती. "काय नाशिककर, दम लागला का घाटवाल्यांना? गाडी बोलवू?"

मी त्या हिवाळ्यात फार कष्ट घेतले होते. दुकान उघडायच्या आधी रोज. पहिल्या तिघांत येईन असं घरी बोलून बसलो होतो, मी, जो काही बोलत नाही. आणि हा माणूस, साड्यांच्या धंद्यातून वेळ चोरून चालवणारा, माझ्यापुढे गप्पा मारत चालला होता.

मग मी पुढे गेलो. जोर लावला. त्याला मागे थकवायचं असं ठरवूनच लावला. कानात वारा, तोंडाला कोरड. आणि मागून, माझ्या चाकाला चिकटून, तो गुणगुणत होता. कुठलं तरी लग्नातलं. मला श्वास पुरत नव्हता आणि तो गुणगुणत होता.

ऊस मला लांबूनच दिसला. डाव्या बाजूला, रस्त्यात आडवा. मी हलकेच उजवीकडे झालो. हात हँडलवरच राहिला.

विसरलो असतो तर हे लिहिलं नसतं. हात उचलायचा हे मला आठवत होतं. बघू दे त्याचं त्याला, असं वाटून गेलं. तो पडावा असं मला वाटत नव्हतं. ते गुणगुणणं थांबावं एवढंच हवं होतं.

ते थांबलं.

वळून पाहिलं तेव्हा तो रस्त्याच्या कडेच्या मातीत पडलेला होता, सायकल कालव्याच्या कठड्याला. हेल्मेटमुळे डोकं वाचलं. कोपर सोललेलं, डावा खांदा धरलेला. ऊस तोडणाऱ्या दोन बायका फडातून धावत आल्या. एकीनं त्याला बसवलं, दुसरीनं डब्यातल्या पाण्यानं कोपर धुतलं. बोलीवरून खानदेशाच्या दिसत होत्या, आणि हिरामण अशा अवस्थेतही गाव विचारायला लागला.

तेवढ्यात धुणारीनं माझ्याकडे बघून त्याला विचारलं, "पुढलानी सांगं नही का तुमले?"

"सांगितलं ना," हिरामण म्हणाला. "त्यानं हात केलाच असणार. मला दिसला नाही." मग माझ्याकडे वळून, अगदी साधेपणानं, "हात केला होतास ना?"

"हो," मी म्हणालो.

खांदा डॉक्टरांनी बघितला. मोडलं काही नव्हतं, नुसता मुकामार. चार दिवस जपा म्हणाले. तेवढ्यावर हे संपायला हरकत नव्हती. पण घरी आल्यावर हिरामण गप्प झाला. बोलका माणूस गप्प झाला की घर लहान होतं. संध्याकाळी तो पलंगावर बसून भिंतीवरच्या गुजराती कॅलेंडरकडे बघत होता.

"हात दिसला नाही मला," तो म्हणाला. "एवढ्या जवळून. तू डोळ्यांचा माणूस आहेस. बघ ना जरा."

मी त्याला दाराजवळ उभं केलं. एक डोळा झाकायला सांगितला. त्यानं कॅलेंडरवरचं सगळं वाचलं, बारीक तिथीसकट. दुसऱ्या डोळ्यानंही. कोमल म्हणाली, "पप्पा, ते तर मला पण नाही दिसत."

त्या वेळी मी म्हणायला हवं होतं, तुझे डोळे उत्तम आहेत. पण डोळे उत्तम असतील तर हात का दिसला नाही? तो प्रश्न लगेच आला असता. म्हणून त्या एका 'हो'ला सांभाळायला मी दुकानातला आवाज काढला. "कॅलेंडर हलत नाही. हलणारी वस्तू पन्नाशीनंतर डोळे उशिरा टिपतात. होतं असं."

"चष्मा लावला तर?"

"चष्म्यानं जात नाही ते."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "बस. आते बस करा," त्या म्हणाल्या. "भाऊंनी सांगितलं ना? मी सांगत होती तेव्हा ऐकलं नाही."

हिरामणनं मान हलवली. वाद घातला नाही. त्यानं वाद घातला असता तर मला सोपं गेलं असतं.

सुरत शहर, शनिवार

सुरतेत हिवाळ्यात जाऊन पोंक न खाता यायचं नाही. कोवळ्या ज्वारीचा हुरडाच तो, पण आपल्यासारखा शेतात आगटीभोवती बसून चोळून खायचा नाही. इथे तो तापीकाठच्या स्टॉलवर कागदात मिळतो, सोबत लिंबू-मिऱ्याची शेव आणि साखरेच्या चकत्या. गोड, तिखट, आंबट आणि हिरवं, सगळं एका घासात. आपल्या हुरड्यापेक्षा कोवळा असतो, हे मान्य करायला जड जातं पण खरं आहे. लोचो नावाचा प्रकारही खावा. बेसनाचा फसलेला ढोकळा वाटतो, वर तेल आणि कांदा. फसलेल्या गोष्टीचं एवढं चांगलं काही करता येतं हे मला त्या दिवशी नको तेव्हा जाणवलं.

आम्ही गेलो होतो शर्यतीचे नंबर आणायला. सोबत केतनभाई होते, हिरामणच्या सकाळच्या टोळीतले, रंगांचे व्यापारी, मऊ स्वभावाचे. रस्ताभर हिरामण दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होता. समोरून येणाऱ्या बसवरच्याही. "उधना दरवाजा. रिंग रोड. बंगलो भाडे आपवानो छे." केतनभाईंना ती गंमत वाटली. "हीराभाई, स्कूल में बैठे हो क्या?" मला माहीत होतं तो काय करतोय. हलणाऱ्या बसेस तो मुद्दाम वाचत होता.

टेबलापाशी त्यानं आपला नंबर घेतला नाही. "आ वखते नहीं," तो म्हणाला. "आँखनो प्रोब्लेम छे." तिथल्या माणसानं वाईट वाटल्याचं सांगितलं आणि नाव खोडलं. मग हिरामणनं विचारलं, पाणी द्यायला माणूस हवाय का वळणावर? हवाच होता.

पोंक खाताना तो केतनभाईंना म्हणाला, "सायकल तुम्हाला बसते माझी. उंची सारखी आहे. उद्या रेस झाली की संध्याकाळी घेऊन जा. किमतीचं नंतर बघू."

"अरे, एवढी घाई शुं?"

"घरात दिसत राहिली तर सुटणार नाही."

केतनभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदातले उरलेले दाणे गोळा करत होतो. तेव्हाच सांगायचं होतं. तोंड उघडलंही. पण केतनभाई समोर होते, आणि मी स्वतःला म्हणालो, घरी सांगू. घरी वहिनी समोर होत्या.

बारडोलीच्या बाजूला, रविवार

मास्टर्सच्या सुरुवातीच्या रेषेवरचं दृश्य एकदा बघावं. हिऱ्यांचे व्यापारी, डॉक्टर, निवृत्त पीटी मास्तर, सगळे घट्ट जर्सीत पोट आत ओढून उभे. मांज्याच्या भीतीनं सगळ्यांच्या गळ्यात रुमाल, त्यामुळे आम्ही शर्यतीला नाही, एखाद्या बंदोबस्ताला आल्यासारखे दिसत होतो. तीन फेऱ्या होत्या. कालव्याकाठानं जायचं, उसातून वळायचं, गावाच्या फाट्यावरून परत. फाट्यावर हिरामण बाटल्या घेऊन उभा राहणार होता. सकाळी निघताना त्यानं माझ्या टायरची हवा स्वतः तपासली होती, एका हातानं, दुसरा खांद्याच्या पट्ट्यात.

पहिली फेरी चांगली गेली. पाय हलके होते. घोळक्यात मी पहिल्या दहांत असेन. फाट्यावर हिरामणचा आवाज आला, "नाशिककर, मागे राहा, मागे राहा. शेवटच्या फेरीत निघ." बरोबर सांगत होता.

दुसऱ्या फेरीत आम्ही त्याच जागेवरून गेलो. त्या बायकांचा फड आता मोकळा झाला होता. आणि रस्त्यात पुन्हा ऊस पडलेला. सगळ्यात पुढे ते पीटी मास्तर होते, दमानं चेहऱ्याचा पार रंग उतरलेला. त्यांचा हात खाली गेला. त्यांच्या मागच्याचा गेला. मग त्याच्या मागच्याचा. एकामागून एक हात खाली जात ती खूण माझ्यापर्यंत आली, माझाही हात गेला, आणि मागे जात राहिली. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. सगळे एकमेकांना हरवायला आले होते. सगळ्यांना दम लागलेला होता. हात करणं कुणालाच जड गेलं नाही.

फाटा आला. हिरामण रस्त्याच्या कडेला बाटली लांब धरून उभा होता. मी ब्रेक लावले.

"काय झालं? पोट?"

"मी हात केला नव्हता."

"काय?"

"परवा. ऊस मला दिसला होता. हात केला नाही. तुझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही, हिरामण."

बाटली तशीच पुढे धरलेली होती. घोळका निघून गेला. मागून कुणी तरी "साइड, साइड" ओरडत आलं. हिरामणनं माझ्या सायकलचं हँडल धरून मला कडेला घेतलं. "आधी बाजूला हो. पोरांची रेस येतेय."

फाट्याशेजारीच कालवा होता; आम्ही त्याच्या कठड्यावर बसलो. तरुणांचा गट सूं करून गेला. त्यानं हातातली बाटली मधे ठेवली.

"का?"

"तू गुणगुणत होतास."

"मी?"

"मला श्वास पुरत नव्हता आणि तू गुणगुणत होतास."

त्याच्या ओठाचा कोपरा हलला, पण हसू आलं नाही. "मला तर माहीत पण नाही मी गुणगुणतो ते," तो म्हणाला. मग थांबून म्हणाला, "हाताचं सोड. रस्त्यावर होतं माणसाकडून. डोकं फिरतं. पण डोळ्यांचं का बोललास? मी तुला दोस्त म्हणून नव्हतं विचारलं. चष्मेवाला म्हणून विचारलं होतं."

मी गळ्यातला रुमाल सोडला.

"निर्मलाला तू सांगायचं," तो उठत म्हणाला. "मी नाही सांगणार."

उरलेल्या शर्यतभर तो बाटल्या देत राहिला. मी त्याच्या शेजारी उभा राहून रिकाम्या गोळा केल्या. मग टेंपोनं घरी परतलो.

वहिनी ताटं वाढत होत्या तेव्हा सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात, शुक्रवारच्या उसापासून कॅलेंडरपर्यंत. कोमलनं फोन खाली ठेवला. वहिनींच्या हातातला डाव पातेल्यातच राहिला.

"कालपासून माझ्या साडीवरची फुलं मोजून दाखवत होते हे," त्या म्हणाल्या. "लांबून. मी म्हटलं, मोजू नका, भाऊंनी सांगितलंय ना. मी म्हटलं असं." मग त्यांनी डाव उचलला. "बसा. जेवा."

शेवभाजी होती. झणझणीत, जशी असते तशी. माझ्या ताटातली भाकरी संपली आणि ताट तसंच राहिलं. त्या दिवशी वहिनींनी मला "अजून घ्या" म्हटलं नाही. मी पाणी प्यालो आणि उठलो.

संध्याकाळी केतनभाई आले. सायकल जिन्यापाशी पुसून उभी होती. त्यांच्या हातात जुनं पांघरूण होतं, गुंडाळून न्यायला. मी खोलीत माझी सायकल खोलायच्या तयारीत होतो आणि बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"केतनभाई, माफ करजो. हमणां नथी आपवी." आत्ता द्यायची नाही, म्हणत होता.

"केम? शुं थयुं?"

पाना हातात धरून मी वाट बघत होतो. आता नाव घेईल, आणि घ्यावंच, असं वाटत होतं.

"चश्मावाळाए फरी चेक कर्युं," हिरामण म्हणाला. चष्मेवाल्यानं परत तपासलं. "आँख बराबर छे."

"ओहो, तो तो सारुं," केतनभाई म्हणाले. त्यांना खरंच आनंद झाला होता. खोलीच्या दारातून डोकं घालून ते मला म्हणाले, "डॉक्टर साहेब, तुम्ही तर आमच्या हीराभाईंना वाचवले." मी पाना खाली ठेवला आणि त्यांना नमस्कार केला. दुसरं काय करणार होतो?

उधना, सोमवार

माझी बस दुपारची होती. सकाळी जाग आली ती हिरामणनं पायाला हात लावून हलवल्यामुळे. तो जर्सी घालून उभा होता.

"सायकल बांधली नाहीस ना अजून?"

"नाही."

"मग चाल."

"खांदा?"

"हळू जाऊ."

दारात वहिनींनी त्याच्या हातात हेल्मेट दिलं. "गळाले रुमाल बांधा," त्याला म्हणाल्या. मग माझ्यासमोरही एक रुमाल धरला. माझ्याकडे न बघता धरला, पण धरला.

दिंडोलीच्या बाजूला एक कालव्याचा रस्ता आहे, शहरातलाच. तिथपर्यंत आम्ही शेजारी शेजारी गेलो. दुधाच्या गाड्या, झाडू मारणाऱ्या बायका, तारांवर लटकलेले फाटके पतंग. रस्ता मोकळा झाला तसा हिरामणनं वेग कमी केला.

"तू पुढे," तो म्हणाला.

मी पुढे झालो. त्याचं चाक माझ्या चाकामागे येऊन बसलं. वळून बघायची गरज नव्हती. इतक्या जवळ कुणी आलं की पाठीला कळतं. शुक्रवारी होतं त्याहून जवळच असेल.

गटाराचं झाकण आलं, हात केला. गतिरोधक आला, हात केला. वाळू, शेण, झोपलेलं कुत्रं, पतंगाचा सांगाडा. डावा हात, उजवा हात, पुन्हा डावा. हँडलवर दोन्ही हात असे फार वेळ राहिलेच नाहीत. खांदे भरून आले.

बऱ्याच वेळानं मागून आवाज आला.

"नाशिककर."

"काय?"

"पान आहे ते. पानाला काय हात करतोस?"

पुढे आणखी एक पान पडलं होतं. मी हात केला. मागे, अगदी हळू, गुणगुणणं सुरू झालं.